मामा, त्यावर कूडा चालतं का?

परवा रात्री जेवणं झाल्यावर भाच्याचा फोन. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एरवी फोन केला की "काय करतोयस" च्या पुढे गाडी जात नाही, पण त्या दिवशी गडी भलताच उत्साहात. "मामा, सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड मिळतंय, एएमडीचं आरएक्स ६६००, आठ जीबी, बिलासकट देतोय पोरगा, घेऊ का?" म्हटलं घे की, गेमला झकास आहे. तर म्हणे गेमसाठी नाही रे, प्रोजेक्टसाठी, आणि सरांनी जे नोटबुक, म्हणजे तयार कोडची फाईल, दिलंय त्यात सगळीकडे कूडा कूडा लिहिलंय, मग त्यावर कूडा चालतं का?

मी म्हटलं, "नाही... म्हणजे चालतं... म्हणजे बघ..." आणि पुढचा पाऊण तास मी एकटाच बोलत होतो, बहीण मागून ओरडत होती की त्याला झोपू दे. तेच आता इथे लिहून काढतोय, कारण हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

आधी हे कूडा प्रकरण. आमच्या आजीच्या भाषेत कुडा म्हणजे घाटातलं पांढऱ्या फुलांचं झाड, पोट बिघडलं की त्याची साल उगाळून द्यायची, कडूजहर. हे कूडा ते नव्हे, पण कडू म्हणाल तर एएमडीवाल्यांना विचारा. कूडा म्हणजे एनव्हिडिया या एएमडीच्या प्रतिस्पर्धी कंपनीची, स्वतःच्या कार्डाशी बोलायची स्वतःची भाषा. कार्ड हे शेवटी लोखंड-सिलिकॉनच, त्याला काम सांगायला काहीतरी बोली लागते, आणि सगळी भांडणं या बोलीवरूनच आहेत, लोखंडावरून नाहीत. गेम घेताना आपण बघतो का की हा गेम लाल कार्डावर, म्हणजे एएमडीच्या, चालेल की हिरव्या, म्हणजे एनव्हिडियाच्या? नाही बघत. तिथे भांडण मिटलं. आकडेमोडीत, म्हणजे एआय, सिम्युलेशन, रेंडरिंग यात, ते अजून मिटलेलं नाही. एकाच कार्डाच्या दोन उपयोगांत असा फरक का पडला याचं मला कायम कुतूहल वाटत आलंय.

गेमचं भांडण पण आधी होतंच, आणि चांगलं जोरात होतं. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू कार्ड आलं. मी ते पहिल्यांदा बघितलं ते दोन-तीन वर्षांनी, हॉस्टेलवर, एका श्रीमंत पोराच्या खोलीत. ते कार्ड फक्त थ्रीडीचंच काम करायचं, साधं चित्र दाखवायला जुनं कार्ड वेगळं लागायचं, आणि पीसीच्या मागे जुन्या कार्डातून एक आखूड वायर निघून वूडूत शिरायची आणि मग वूडूतून मॉनिटरला. गेम सुरू झाला की आतून टक् असा रिलेचा आवाज यायचा आणि आम्ही सहा जण पलंगावर दाटीवाटीने बसून बघायचो. त्या कार्डाची बोली होती ग्लाइड. फक्त थ्रीडीएफएक्सची. गेम ग्लाइडमध्ये लिहिलेला असला की दुसऱ्या कार्डवाल्यांनी मुकाट्याने बघत बसायचं.

आता त्याच काळात एनव्हिडिया काय करत होती ते बघा, मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. १९९३ ला सुरू झालेली कंपनी, १९९५ ला पहिली चिप काढली एनव्ही१. त्यांनी ठरवलं की जग त्रिकोणांनी नाही, वक्र पृष्ठभागांनी रंगवायचं, चौकोनी तुकड्यांचं काहीतरी वेगळंच गणित. डोकेबाज कल्पना होती म्हणे, सेगा कंपनीच्या सॅटर्न या गेमच्या यंत्रावरचे काही गेम त्यावर आलेही. आणि मग मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी डायरेक्टथ्रीडी काढलं आणि त्यात ठरलं की त्रिकोण. झालं. सगळ्यांनी मान्य केलेली बोली त्रिकोणांची आणि यांची चिप चौकोन बोलतेय, बसलीच कंपनी खाली. सेगासाठी पुढची चिप करायचं काँट्रॅक्ट होतं ते यांनाच पूर्ण करता येईना, तेव्हा एनव्हिडियाच्या संस्थापकाने, जेन्सन हुआंगने, सेगाकडे जाऊन सांगितलं की आमची दिशाच चुकली, तुम्ही दुसरा कोणीतरी बघा, पण पैसे मात्र पूर्ण द्या नाहीतर आम्ही संपलो. आणि त्यांनी दिले! (मला माझ्या क्लायंटने कधी असे दिले नाहीत, असो.) त्या पैशांवर जेमतेम सहा महिने निघणार होते, तेवढ्यात त्यांनी रिवा १२८ केलं, १९९७, त्रिकोणवालं, सरळ डायरेक्टथ्रीडीला धरून चालणारं. ते खपलं आणि कंपनी वाचली.

म्हणजे एनव्हिडिया आज जी आहे ती सगळ्यांच्या सामायिक स्टँडर्डपुढे मान तुकवली म्हणून जिवंत राहिलेली कंपनी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिकडे थ्रीडीएफएक्सचं काय झालं तर, ग्लाइडचे गेम दुसऱ्या कार्डावर चालवायला लोकांनी रॅपर लिहिले, म्हणजे ग्लाइडमधलं बोलणं मध्येच पकडून दुसऱ्या बोलीत भाषांतर करणारी सॉफ्टवेअरं. कंपनीने त्यांच्यामागे वकील लावले. मग १९९९ च्या शेवटी स्वतःच ग्लाइडचा सोर्सकोड खुला केला, पण तोवर वरात पुढे गेली होती, गेमवाले डायरेक्टथ्रीडी आणि ओपनजीएलकडे वळले होते. २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सचा मालमसाला कोणी विकत घेतला? एनव्हिडियाने.

पण स्टँडर्ड आलं म्हणजे सगळं गोडीगुलाबीने झालं असं अजिबात नाही. ओपनजीएल हे सगळ्यांचं, समितीने ठरवलेलं, पण त्यात एक पळवाट होती, एक्स्टेन्शन. कोणत्याही कंपनीने आपलं नवीन काहीतरी वेगळ्या नावाने घुसडायचं. नावाच्या पुढे आडनावासारखी अक्षरं लागायची, एनव्ही असेल तर एनव्हिडियाचं, एटीआय असेल तर एटीआयचं (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली), ईएक्सटी असेल तर दोघा-तिघांनी मिळून मान्य केलेलं आणि एआरबी असेल तर समितीचा शिक्का बसलेलं. मी एकेकाळी ती यादी स्क्रीनवर छापून नुसती वाचायचो, त्यात कंपन्यांचं सगळं राजकारण दिसायचं, आज कोण कोणाशी बोलतंय, कोणाची कल्पना कोणी उचलली, लग्नपत्रिकेत कोणाचं नाव कुठे छापलंय हे बघून घरातलं भांडण कळतं ना, अगदी तसं. डूम ३ या गेमच्या इंजिनमध्ये ते लिहिणाऱ्या जॉन कारमॅकला एकच दृश्य रंगवायचे चार-पाच वेगळे मार्ग लिहून ठेवावे लागले होते, अमुक पिढीच्या एनव्हिडियाला हा, तमुक एटीआयला तो, आणि एक समितीचा सगळ्यांसाठी. स्टँडर्ड असूनसुद्धा ही तऱ्हा.

आता कूडावर येतो.

२००० नंतरच्या दोन-चार वर्षांत शास्त्रज्ञ लोकांच्या लक्षात आलं की ही गेमची कार्डं बेरजा-गुणाकार प्रचंड वेगाने करतात. पण त्यांच्याशी बोलायची भाषा एकच, चित्राची. म्हणून ही माणसं आपले आकडे फोटो असल्याचं भासवून टेक्स्चरमध्ये, म्हणजे वस्तूंवर चिकटवायच्या चित्रात, भरायची, कार्डाला सांगायची की स्क्रीनभर एक चौकोन रंगव, आणि रंगवता रंगवता जे रंग निघतील तेच उत्तर. म्हणजे किराणा मालाची यादी रांगोळीत काढायची आणि दुकानदाराने रांगोळी बघून सामान द्यायचं. स्टॅनफर्डला इयन बक नावाच्या पोराने यावर ब्रूक नावाची भाषा केली, की बाबा सरळ आकडे लिहा, रांगोळी मी काढतो. एनव्हिडियाने त्याला बोलावून घेतलं आणि २००६ च्या नोव्हेंबरात जीफोर्स ८८०० सोबत कूडा जाहीर केलं.

यात एनव्हिडियाची हुशारी काय? लोक म्हणतात त्यांनी बंदिस्त सिस्टीम केली म्हणून जिंकले. मला नाही पटत तसं, बंदिस्त सिस्टीम करून मेलेल्यांची यादी मोठी आहे, वर एक आलाच. त्यांनी केलं ते असं की, ही भाषा लाखभर रुपयांच्या प्रयोगशाळेच्या कार्डापुरती ठेवली नाही, पोरांच्या साध्या गेमिंग कार्डावरही तीच चालेल असं बघितलं आणि फुकट दिली. म्हणजे हॉस्टेलवरचा पोरगा रात्री गेम खेळणार आणि सकाळी त्याच कार्डावर मॅट्रिक्सचे गुणाकार करून बघणार. २०१२ मध्ये टोरँटोच्या ज्या ॲलेक्सनेट नावाच्या फोटो ओळखणाऱ्या मॉडेलने एआयचं वारं फिरवलं ते दोन जीटीएक्स ५८० वर शिकवलं होतं, प्रत्येकी तीन जीबी, चक्क गेमची कार्डं. मग त्या सगळ्यांसाठी गुणाकाराची लायब्ररी, न्यूरल नेटवर्कची लायब्ररी, डीबगर, पुस्तकं, कॉलेजात कोर्स, हे वर्षानुवर्षं करत राहिले, शेअर बाजारवाले विचारत होते की यातून पैसा कुठाय तेव्हापासून.

इंग्रजी पेपरात याला एनव्हिडियाची ‘मोट’ म्हणतात, म्हणजे किल्ल्याभोवतीचा खंदक. मी सांगलीकडचा, मला मोट म्हटलं की विहिरीवरची मोटच दिसते, आणि खरं सांगू का, तीच उपमा जास्त बरोबर बसते. विहीर त्यांची, मोट त्यांची, पाणी त्यांच्याच रानात जाणार, आणि धावेवर मागेपुढे करणारे बैल म्हणजे आपण प्रोग्रॅमर.

मग बाकीच्यांनी काय केलं? केलं ना, ओपनसीएल, कूडासारखीच पण सगळ्यांची सामायिक बोली. आणि पुढाकार कोणाचा तर ॲपलचा. २००८ च्या जूनमध्ये क्रोनोस या संस्थेत गट बसला आणि डिसेंबरात पहिली आवृत्ती मंजूर, सहा महिन्यांत, समितीच्या मानाने विमानाचा वेग. एएमडी आली, इंटेल आली, आयबीएम आली, आणि एनव्हिडियासुद्धा आली! गटाचा अध्यक्ष नील ट्रेव्हेट तर एनव्हिडियाचाच माणूस. कागदावर सगळं छान.

मी ते शिकायला बसलो होतो, म्हणून सांगतो. दोन याद्यांची बेरीज करायची आहे, याहून सोपं काही नाही. कूडात फंक्शन लिहायचं, त्याच्या नावापुढे तीन कोनी कंस उघडून किती धागे पाहिजेत ते लिहायचं, तीन कंस बंद, झालं. ओपनसीएलमध्ये आधी विचारायचं की प्लॅटफॉर्म कोणते आहेत, मग त्यात डिव्हाइस कोणती, मग काँटेक्स्ट बनवा, मग रांग बनवा, मग तुमचं फंक्शन हे एक लांबलचक मजकूर म्हणून द्या, मग ते चालू असतानाच कंपाइल करा, मग पहिला आर्ग्युमेंट शून्य नंबरला लावा, दुसरा एक नंबरला, तिसरा दोन नंबरला, आणि प्रत्येक पायरीवर एरर कोड तपासा. सातबारा काढायला तलाठ्याकडे जावं आणि त्याने आधी तुमचा जन्मदाखला मागावा असं. आणि हे सगळं का, तर कोणाचंही कोणतंही हार्डवेअर चाललं पाहिजे म्हणून. कारण योग्य आहे हो, पण रात्री दीडला कारण आठवत नाही.

पुढे २०१३ ला ओपनसीएल २.० आलं, त्यात चांगल्या गोष्टी होत्या, पण एनव्हिडिया वर्षानुवर्षं १.२ च्याच पायरीवर बसून राहिली. बसणारच. शेवटी २०२० मध्ये ३.० आलं आणि त्यात काय केलं तर २.० मधल्या बऱ्याचशा गोष्टी ऐच्छिक करून टाकल्या, म्हणजे बारा वर्षांनी गाडी फिरून १.२ च्या फाट्यावर. त्याआधीच २०१८ मध्ये ॲपलने, ज्यांनी हा घाट घातला त्यांनीच, ओपनसीएल आणि ओपनजीएल दोन्हीला आम्ही आता यात लक्ष घालणार नाही असं सांगून टाकलं, कारण तोवर त्यांची स्वतःची मेटल नावाची बोली आली होती. आणि २०२१ च्या डिसेंबरात ब्लेंडरने ३.० मधून ओपनसीएल काढलं. ब्लेंडर, थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर! ओपन सोर्सचा लाडका लेक, त्यानेसुद्धा कंटाळून सांगितलं की ड्रायव्हरचे बग आणि अडकून पडलेलं स्टँडर्ड यांच्याशी आता झटणार नाही.

माझं मत विचाराल तर, ओपन स्टँडर्ड ही कायम टेलच्या, म्हणजे कॅनॉलच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची मागणी असते. ज्याचं रान कॅनॉलच्या तोंडाशी आहे तो कशाला म्हणेल की पाणीवाटपाचं पाळीपत्रक लावा? टेलवाला म्हणतो, अर्ज करतो, मोर्चा काढतो. आणि त्याच टेलवाल्याला उद्या वरच्या अंगाला जमीन मिळाली की त्याचीही मोटर रात्री चालू. १९९७ ची एनव्हिडिया टेलला होती तेव्हा डायरेक्टथ्रीडीचं पाळीपत्रक तिला देवासारखं वाटलं. ॲपलला २००८ मध्ये स्वतःची चिप नव्हती तेव्हा ओपनसीएल हवं होतं. एएमडीबद्दलही मला भाबडी भक्ती नाही, ती उद्या पहिल्या नंबरला गेली तर तिचा खुलेपणा किती दिवस टिकेल यावर मी पैज लावणार नाही. बाय द वे, एएमडीच्या प्रमुख लिसा सू आणि एनव्हिडियाचा जेन्सन हुआंग हे लांबचे नातेवाईक आहेत, दोघंही तैवानचे, म्हणजे ही शब्दशः भाऊबंदकी आहे, बांध तेवढा सिलिकॉनचा.

पण मग गेममध्ये का मिटलं? तिथे एएमडीने २०१३ मध्ये मँटल हे आपल्या बोलीचं नवं रूप काढलं, बॅटलफील्ड ४ या गेममध्ये ते चाललं, आणि मग ते उचलून क्रोनोसला देऊन टाकलं, त्यावरून २०१६ च्या फेब्रुवारीत व्हल्कन हे सामायिक स्टँडर्ड झालं, जे आज एनव्हिडियाच्या कार्डावरही उत्तम चालतं आणि अँड्रॉइड फोनमध्येही. कारण तिथे मधे तिसरा माणूस बसलाय, गेम बनवणारा. त्याला आपला गेम सगळ्यांना विकायचाय, त्याला एकाच कार्डाशी लग्न लावायचं नाही, आणि कार्ड कंपनीला त्याची मर्जी सांभाळावी लागते. मॉनिटरचं तेच. कार्ड आणि मॉनिटरचा ताल जुळवणारं एनव्हिडियाचं जी-सिंक २०१३ चं, मॉनिटरमध्ये त्यांचा वेगळा बोर्ड बसवायला लागायचा आणि किंमत वाढायची. एएमडीने फ्रीसिंक डिस्प्लेपोर्टच्या स्टँडर्डवर बेतलं, बोर्ड नको काही नको, मॉनिटर कंपन्यांनी स्वस्तातलं धरलं, आणि २०१९ च्या जानेवारीत एनव्हिडियाने मुकाट्याने त्याला पाठिंबा दिला, फक्त नाव दिलं ‘जी-सिंक कंपॅटिबल’. हारलो म्हणायचं नाही, हार गळ्यात घालून फोटो काढायचा.

आकडेमोडीत तो तिसरा माणूस नाही. जो मॉडेल शिकवतो त्याला ते विकताना समोरच्याचं कार्ड कोणतं याची फिकीर नसते, त्याला आजचं काम आज उरकायचंय. पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेचा परम सिद्धी-एआय २०२० मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, तोही एनव्हिडियाच्या ए१०० कार्डांवरच उभा आहे. अमेरिकेत ओक रिजला फ्रंटियर नावाचा महासंगणक आहे, २०२२ मध्ये जगात पहिला आला, तो सगळा एएमडीवर, पण तिथे कोड बदलून घ्यायला माणसं आणि पैसा दोन्ही आहे. भाच्याकडे दोन्ही नाही.

तर एएमडीने शेवटी शहाणपण केलं, वेगळी बोली शिका असं सांगायचं सोडून कूडाचीच नक्कल केली, तिचं नाव हिप. इतकी नक्कल की कूडामॅलॉक या हुकमाचं हिपमॅलॉक, कूडामेमकॉपीचं हिपमेमकॉपी, आणि हे बदलून द्यायला एक टूल पण आहे, हिपिफाय, जे बरंचसं काम शोधा-आणि-बदला करूनच उरकतं. मला यावरून मिरज जंक्शन आठवतं. तिथे एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही होते, आणि एका गेजच्या वॅगनमधली पोती उतरवून दुसऱ्या गेजच्या वॅगनमध्ये चढवायला हमाल लागायचे. हिपिफाय म्हणजे तो हमाल. झ्लूडा नावाचं एक प्रकरण तर त्याहून पुढचं, ते कूडाचा तयार प्रोग्रॅम न बदलता सरळ एएमडीवर चालवू बघतं, आंद्रझेई यानिक नावाच्या एकाच माणसाने सुरू केलेलं. आधी इंटेलच्या कार्डांसाठी, मग एएमडीने पैसे दिले, मग थांबवले, मग त्याने २०२४ मध्ये कोड खुला केला, मग काही महिन्यांनी एएमडीनेच तो मागे घ्यायला लावला. त्यात कूडाच्या परवान्यातही अट आहे की आमच्या कंपायलरचा माल उसवून दुसऱ्याच्या कार्डासाठी वापरायचा नाही. १९९९ चे ग्लाइडचे रॅपर आठवले ना? आता वकील दुसऱ्या बाजूला बसलेत एवढंच. दुसऱ्याच्या बोलीतली नावं उचलावीत का यावर झालेल्या गूगल-ओरॅकलच्या जावाच्या खटल्यात २०२१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गूगलच्या बाजूने निकाल दिला, साडेअकरा हजार ओळींचा मामला होता, पण तो निकाल इथे किती लागू पडेल ते वकिलांनी बघावं.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, घेऊ का नको ते सांग."

म्हटलं घे. पण लिनक्स टाक, रॉकएम, म्हणजे एएमडीचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, टाक, आणि त्या मालिकेतली स्वस्त कार्डं अधिकृत यादीत नाहीत त्यामुळे एक टोटका आहे तो लिहून घे, एचएसए ओव्हरराइड जीएफएक्स व्हर्जन नावाचं एक व्हेरिएबल असतं, त्यात १०.३.० भर, म्हणजे धाकटं कार्ड आपण थोरला भाऊ आहोत असं सांगून आत शिरतं. आणि नुसतं मॉडेल चालवून बघायचं असेल तर लामा-सीपीपी हे एआय मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर घे आणि व्हल्कनवर चालव, ते काही विचारतच नाही. म्हणजे गंमत बघा, आकडेमोडीसाठी केलेलं ओपनसीएल कोपऱ्यात आणि गेमसाठी केलेलं व्हल्कन आकडेमोडीला.

रविवारी रात्री त्याचा व्हॉट्सॲप आला. स्क्रीनशॉट. पायटॉर्च या एआयच्या लायब्ररीत विचारलंय, टॉर्च डॉट कूडा डॉट इज अव्हेलेबल, आणि खाली उत्तर, ट्रू. त्याच्या खाली कार्डाचं नाव, रेडिऑन, म्हणजे एएमडीचंच. पायटॉर्चवाल्यांनी एएमडीच्या कार्डालाही कूडा याच नावाने हाक मारायची ठेवलीय, कारण जगभरच्या नोटबुकांत तेच लिहिलेलं आहे, कोण बदलत बसणार.

खाली भाच्याने लिहिलं होतं, "मामा हे खोटं बोलतंय ना?"

म्हटलं, बोलू दे. सरांना दाखवू नकोस फक्त.